इंजिन थरथरते, मिश्रण लीन होते : सुटा भाग बदलण्याआधी रोग ओळखा

व्यापाऱ्याची गाडी ही त्याच्या दुकानाचीच एक फळी असते. ती बंद पडली की दुकान अर्धे बंद पडले असे समजावे. आमचे बिद्री हे साखर कारखान्याचे गाव. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याची उसाची बिले शेतकऱ्याच्या खात्यावर जमा झाली की कापडाला गिऱ्हाईक येते, लग्नसराई आली की आणखी येते. त्या दिवसांत मुदाळ तिट्ट्यावरून मुरगूड, कागल करत इचलकरंजीला जायचे आणि गठ्ठे भरून परत यायचे, हा आमचा नेहमीचा रस्ता. अशा ऐन हंगामात गाडीने दगा दिला तर काय होते, ते आम्ही भोगलेले आहे. त्यातून जे शिकलो ते व्यापारी बंधूंच्या आणि गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या कारागिरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आम्ही मोटारीचे इंजिनिअर नाही. शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि आयुष्य कापडात गेले. पण वीस-पंचवीस वर्षे मालाची गाडी वापरणाऱ्याला तिची कुरकुर कळू लागते. शिवाय जाणकार उस्तादाशेजारी उभे राहून चार प्रश्न विचारण्याची आम्हाला सवय आहे.

आमचा तजुर्बा

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर आमची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरू लागली. रस्त्यावर धावताना ठीक, पण थांबली की आयडलिंग खाली-वर, स्टिअरिंग हातात कापते आणि मधूनच गाडी मिसिंग मारते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला आणि ‘इंजिन लीन चालते’ असे सांगितले. आधी चारही प्लग बदलले. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मग एक कॉइल बदलली. मग सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर बदलला. अकरा हजारांच्या वर रुपये गेले, दोन फेऱ्या भाड्याच्या टेंपोने कराव्या लागल्या, आणि गाडी होती तशीच. पुढे इंजेक्टर बदलू म्हणाले, तेव्हा आम्ही हात जोडले.

मग गाडी एका वयस्कर उस्तादांकडे नेली. त्यांची उमेद कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने उघडण्यात गेली आहे. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. पहिला प्रश्न विचारला, “शेठ, अलीकडे ब्रेक कसा लागतोय?” आम्ही म्हणालो, “थोडा कडक वाटतो, पण आम्ही समजलो की माल जास्त भरल्यामुळे असेल.” उस्तादांनी इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबला, पाय तसाच दाबून धरला आणि इंजिन सुरू करायला सांगितले. पेडल किंचित खाली जायला हवे होते, ते गेले नाही. मग इंजिनपासून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी रबरी नळी त्यांनी कापड गुंडाळलेल्या पकडीने दाबली. इंजिन लगेच शांत झाले. क्लिपखाली नळी चिरली होती. वरून पाहिले तर चीर दिसतही नव्हती.

नवीन नळी काही शे रुपयांची. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच आठवड्यात आम्ही माल भरून, फोंडा घाट उतरून कणकवलीला जाणार होतो. बूस्टरला इंजिनची ओढ पुरेशी मिळाली नाही तर ब्रेक लागतो, पण पायाला कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. भरल्या गाडीने उतारावर असा ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ. तीन भाग बदलले गेले, तरी हा प्रश्न कोणी विचारला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत.

लीन म्हणजे काय?

पेट्रोल नीट जळायला त्यात हवा ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने एकास सुमारे १४.७ असे आहे. हवा यापेक्षा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की मिश्रण ‘लीन’ झाले असे म्हणतात. लीन मिश्रण पेट घ्यायला कुरकुरते. धावताना इंजिनला वेग असतो, म्हणून ते जाणवत नाही. आयडलिंगला आत येणारे मिश्रण मुळातच थोडे, त्यामुळे तेवढीच गडबड मोठी ठरते आणि इंजिन थरथरते.

आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते पाहतो. जास्त उरला तर गाडीचा कंप्युटर समजतो की पेट्रोल कमी पडले, आणि तो पेट्रोल वाढवतो. किती टक्के वाढवले हे स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने दिसते. अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, १० च्या वर गेले तर शोध घ्यावा. वाढवून वाढवून साधारण २०-२५ टक्क्यांची हद्द आली की कंप्युटर हात टेकतो, दिवा लावतो आणि ‘पी ०१७१’ हा कोड नोंदवतो.

हा कोड रोगाचे नाव नाही, ही तक्रार आहे. संध्याकाळी गल्ला कमी भरला तर शक्यता तीनच. पैसा चोरवाटेने गेला, विक्रीच कमी झाली, किंवा मोजणारा चुकला. इंजिनचेही तेच आहे. हवा चोरवाटेने आत आली, पेट्रोलच कमी आले, किंवा सेन्सरची साक्ष चुकीची आहे. या तिघांपैकी कोणते, हे ठरण्याआधी भाग बदलणे म्हणजे गल्ला कमी भरला म्हणून नोकर बदलणे होय.

पहिली शक्यता : चोरवाटेची हवा

हवा एअर फिल्टरमधून, मोजून आत यायला हवी. पण मॅनिफोल्डची पॅकिंग कडक झाली, एखादी रबरी नळी चिरली, क्लिप ढिली झाली, इंजिनच्या तेलाची वाफ परत नेणारी नळी फाटली किंवा बूस्टरची नळी गेली, की बिनमोजणीची हवा आत शिरते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वांत जास्त असते. म्हणून ही तक्रार उभ्या गाडीत ठळक होते आणि रेस केल्यावर कमी होते.

स्कॅनरवर याची खूण सोपी आहे. आयडलिंगला ट्रिम २० टक्के आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर नेल्यावर ५ टक्क्यांवर उतरले, तर संशय चोरवाटेच्या हवेवर घ्यावा.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. सगळ्या गाड्या हवा एकाच रीतीने मोजत नाहीत. काहींमध्ये आत जाणारी हवा थेट मोजली जाते. त्यांत चोरवाटेची हवा मोजणीत येत नाही आणि मिश्रण लीन होते. आमची गाडी याच प्रकारची. दुसऱ्या प्रकारात कंप्युटर मॅनिफोल्डमधला दाब पाहून हवेचा अंदाज करतो. आपल्याकडच्या पुष्कळ लहान गाड्या या प्रकारच्या आहेत. त्यांत हवा चोरून आली तर दाब वाढलेला दिसतो, पेट्रोलही वाढते, आणि लीन होण्याऐवजी आयडलिंगच चढते. अशा गाडीत चढलेले आयडलिंग हीच चोरवाटेची पहिली खूण, आणि लीनचा कोड आला तर पेट्रोलच्या बाजूकडे आधी पाहावे.

चीर शोधायची स्वस्त युक्ती म्हणजे इस्त्रीवाल्याकडे असतो तो पाण्याचा फवारा. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका सांध्यावर थोडे पाणी मारावे. चीर असेल तिथे पाणी ओढले जाते आणि इंजिनचा आवाज क्षणभर बदलतो. वायरी आणि कॉइलवर पाणी मारू नये. काही मिस्त्री पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारतात. गरम इंजिनवर हे आगीला आमंत्रण आहे, ते टाळावे. चांगल्या गॅरेजमध्ये धूर सोडून चीर दाखवणारे यंत्र असते. तपासताना पंखा आणि पट्ट्यापासून हात, रुमाल, सदऱ्याची बाही दूर ठेवावी.

दुसरी शक्यता : पेट्रोलच कमी

टाकीतला पंप थकला, त्याची जाळी गाळाने भरली किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी कीट बसले, तर कंप्युटरने हुकूम दिला तरी पेट्रोल पुरेसे येत नाही. अशी गाडी आयडलिंगला एक वेळ चालेल, पण चढावर, भरल्या मालाने, मोठ्या रेसवर दम तोडते. स्कॅनरवर ट्रिम आयडलिंगला बरे आणि ओझ्याखाली चढत गेलेले दिसते.

याची खात्री अंदाजाने नव्हे, प्रेशर गेजने करावी. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. गेज लावून पाच मिनिटांत कळणाऱ्या गोष्टीसाठी हजारोंचा पंप ‘बदलून बघू’ म्हणणे हा उसूल नव्हे. टाकी नेहमी तळाशी आणून चालवणाऱ्यांनीही सावध राहावे. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असेल तर थंड राहतो.

तिसरी शक्यता : चुकीची साक्ष

सेन्सरही साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला चुकीचे दाखवले तर तो चुकीचेच सांगणार. सायलेन्सरचा पाइप इंजिनजवळ, सेन्सरच्या आधी तडकला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो ‘लीन’ म्हणून ओरडतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना फट्-फट् आवाज आणि सांध्याजवळ काजळीचा डाग ही याची खूण आहे.

आणखी एक फसवणूक आहे. एखादा सिलिंडर प्लग किंवा कॉइल खराब असल्यामुळे पेटतच नसेल, तर त्यातली हवा न जळता बाहेर पडते. तिच्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. पेट्रोल तर पुरेसे होते, पण साक्ष ‘लीन’ची पडते. म्हणून आधी कोणता सिलिंडर मिसिंग मारतो ते पाहावे. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढावा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी खचते, मेलेल्याचा काढला तर फरक पडत नाही. चालू इंजिनात प्लगची वायर ओढून पाहण्याची जुनी रीत आता सोडावी. झटका बसतो, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग जाळते.

मेलेला सिलिंडर सापडला आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून ती कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. रोग कॉइलबरोबर गेला तर कॉइल दोषी, जागेवरच राहिला तर ती निर्दोष. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

इथेनॉलचा प्रश्न

आमच्या ऊसपट्ट्यात हा विषय घरचाच आहे. मळीपासून आणि उसाच्या रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याची योजना देशात २००३ साली ५ टक्क्यांपासून सुरू झाली. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले. फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर २० टक्के मिश्रणाचे, म्हणजे ‘ई-२०’ पेट्रोल मिळू लागले, आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. शेतकऱ्याच्या उसाला यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, हे खरे आहे.

इंजिनच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण ई-२० ला सुमारे साडेतेरावर येते. जुन्या मापाने पेट्रोल सोडले तर मिश्रण आपोआप थोडे लीन होते. इंजेक्शनच्या गाडीचा कंप्युटर काही टक्के पेट्रोल वाढवून हे सांभाळून घेतो. म्हणजे ट्रिम थोडे वर दिसले तर तो लगेच बिघाड समजू नये. पण तेवढी उधारी आधीच घेतलेली असते, त्यामुळे पुढे लहानशी चीरही हद्द ओलांडायला पुरते.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला सेन्सरही नाही आणि कंप्युटरही नाही. तिला हे स्वतःहून सांभाळता येत नाही. अशा गाडीत आधी कार्बोरेटरच्या बुडाची पॅकिंग आणि नळ्या तपासाव्यात, जेट साफ करावेत, आणि मगच मिश्रणाचा स्क्रू जाणत्या हाताकडून लावून घ्यावा. स्क्रू फिरवून चीर झाकणाऱ्याचे समाधान चार दिवसांचे असते.

इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला मऊ किंवा ठिसूळ करते आणि पाणीही धरून ठेवते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे नळ्या-पॅकिंग ई-२० ला चालतील असे येऊ लागले. त्याआधीची गाडी असेल तर पेट्रोलच्या नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून, वाकवून पाहाव्यात. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये.

तपासणीचा क्रम

इचलकरंजीत माग थांबला की विणकर आधी तुटलेला धागा शोधतो. धोटा, फणी, कांडी असे सगळे नवीन आणत बसत नाही. हीच रीत गाडीला लावावी, आणि स्वस्ताकडून महागाकडे जावे.

१. तक्रार लिहून ठेवा. थंड असताना की गरम झाल्यावर, उभ्या जागी की चढावर, पेट्रोल भरल्यानंतर लगेच की केव्हाही. ब्रेक कडक झाला का, हेही लिहा.

२. बॉनेट उघडून पाहा आणि ऐका. सीऽऽ असा आवाज, निसटलेली नळी, ढिली क्लिप, एअर फिल्टरचे न बसलेले झाकण. अर्धे रोग इथेच सापडतात.

३. ब्रेकच्या पेडलची वर सांगितलेली परीक्षा करा. तिला एक मिनिट लागते. पेडल खाली गेले नाही तर दुरुस्ती होईपर्यंत गाडीत माल भरू नका.

४. स्कॅनर लावा, पण कोडवर थांबू नका. आयडलिंगचे आणि २५०० फेऱ्यांचे ट्रिम कागदावर उतरवा. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे ओबीडी-२ लागू होत गेले, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत हे आकडे साध्या स्कॅनरवरही मिळतात.

५. मिसिंग असेल तर सिलिंडर शोधा, कॉइलची अदलाबदल करा, प्लग काढून पाहा. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा पांढरा पडला असेल तर त्याच सिलिंडरची पॅकिंग किंवा इंजेक्टर संशयित.

६. पेट्रोलचा दाब गेजवर मोजा.

७. हे सगळे झाल्यावर, आणि पुरावा त्याच भागाकडे बोट दाखवत असेल तरच, तो भाग बदला. नंतर ट्रिम पुन्हा पाहा. आकडा खाली आला नसेल तर काम झालेले नाही.

लीन चालणारी गाडी ‘चालते ना’ म्हणून रेटू नये. भरल्या मालाने ती फार तापते, वॉल्व्ह आणि पिस्टनला इजा होते, आणि शे-दोनशेंच्या नळीचे काम इंजिन उघडण्यावर जाते.

गिऱ्हाईक आणि कारागीर, दोघांसाठी

चूक एकट्या मिस्त्रीची नसते. आम्ही गिऱ्हाईक भागाचे पैसे मुकाट्याने देतो, पण तासभर डोके चालवून रोग शोधणाऱ्याला ‘काहीच तर बदलले नाही’ म्हणून मजुरी द्यायला कुरकुरतो. मग तो बिचारा भागच बदलणार. हकिमाने नाडी पाहण्याचे काही घेऊ नये आणि पुड्यांचेच घ्यावे असा व्यवहार केला, तर पुड्या वाढणारच. आमच्या उस्तादांनी नळी बदलण्याचे दीडशे रुपये सांगितले. आम्ही हजार ठेवले, आणि ते आमच्या हिशेबाच्या वहीत नफ्याच्या बाजूला लिहिले आहेत.

गिऱ्हाईकाने तीन गोष्टी मागाव्यात. काय तपासले, काय दिसले आणि काढलेला जुना भाग. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याची पत वाढते.

आणि गॅरेजमध्ये उमेदवारी करणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे. पाना फिरवणारे हात आता पुष्कळ झाले, कारण सांगणारे कमी आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तो करता आला तर करा. नाही जमला तर एक स्कॅनर, एक प्रेशर गेज, पाण्याचा फवारा आणि एक वही एवढे भांडवल घ्या. प्रत्येक गाडीचे आकडे त्या वहीत लिहा. पाच वर्षांनी ती वही तुमच्या दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणील. गाडी आपल्या हाती सोपवून जाणारा माणूस तिच्याबरोबर घाटात उतरणारी आपली बायकामुलेही सोपवून जात असतो. ती अमानत आहे. तिची तपासणी आधी, बिल नंतर.